कराची ते जुहू, पावसाळ्यात येरवडा

पिंपरी कॅम्पात माझे एक सिंधी मित्र राहतात. जन्म कराचीचा, फाळणीनंतर वडिलांचं बोट धरून इकडे आले. सांगवीला माझ्याकडे आले की आम्ही गच्चीवर चहा घेतो. परवा लोहगावकडे उतरणारं विमान पाहून त्यांनी विचारलं, "अहो, याला कराचीला जायला किती वेळ लागेल?"

मी हिशेब सांगितला. मुंबईहून कराची सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास. जेट विमानाला दीड तास पुरे. ते नुसते हसले. मग मी त्यांना १९३२ सालची हकिगत सांगितली.

त्या काळी लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानानं कराचीपर्यंत येई. ही सोय १९२९ मध्ये सुरू झाली होती. तिथून मुंबईकडे मात्र आगगाडीच. हा शेवटचा टप्पा हवेतून न्यायचा, असं जे. आर. डी. टाटा आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ठरवलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी एका इंजिनाच्या 'पस मॉथ'मधून कराचीहून निघाले. बरोबर पंचवीस किलो टपाल. वेग ताशी साधारण एकशे साठ किलोमीटर. विमानात रेडिओ नाही, वाट दाखवणारं कुठलंही साधन नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. अहमदाबादचा वळसा धरून हजारेक किलोमीटरना सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला टपाल नेलं व्हिन्सेंट यांनी.

पण जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची सपाट माती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असा सारा बारदाना पुण्याला हलायचा आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर विमानं उतरायची. लोहगावचा हवाई तळ झाला तो नंतर, १९३९ मध्ये.

विमान किती वेगवान, एवढ्यावरच प्रवासाचा वेळ ठरत नाही. पेट्रोल वेळेवर मिळतं का, उतरायला कोरडी जमीन आहे का, यावरही तो ठरतो. आणि वाट खुली आहे का, यावरही. ऑक्टोबर १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा केला. आज मात्र या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपापली हवाई हद्दही बंद केली. दुबईसारख्या तिसऱ्याच ठिकाणाहून वळसा घ्यायचा, तर जेआरडींचे सात तासही कमी पडावेत. शिवाय व्हिसा मिळायला हवा, तो वेगळाच.

मित्र थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या कराचीचं टपाल पावसाळ्यात आपल्या येरवड्याला उतरायचं?"

रविवारी आम्ही दोघं येरवड्याला जाऊन आलो. सांगवीहून रिक्षानं पाऊण तास लागला. ते मैदान नेमकं कुठलं, हे काही आम्हाला ओळखता आलं नाही. तरी ते बराच वेळ तिथं उभे होते. परतताना म्हणाले, "वडील असते, तर त्यांनाही आणलं असतं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)