सरासरी की किमान मर्यादा? सुखात्मे–दांडेकर वादाचा संख्याशास्त्रीय इतिहास

प्रस्तावना

अनिश्चित राशीविषयी निर्णय घ्यावयाचा असता संख्याशास्त्र दोन प्रकारची उत्तरे पुरविते. एक म्हणजे अपेक्षित मूल्य, अर्थात दीर्घकालीन सरासरी. दुसरे म्हणजे अंतराल, अर्थात दोन मर्यादांमधील पल्ला. अपेक्षित मूल्याची कल्पना ख्रिस्तियान हॉयगेन्स यांच्या १६५७ मधील द्यूतगणितावरील पुस्तिकेत सुस्पष्ट झाली, तर विश्वास-अंतरालाचा सिद्धान्त येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडला. या दोहोंपैकी कशावर भिस्त ठेवावी, हा प्रश्न पाठ्यपुस्तकापुरता राहत नाही. भारतात तो ‘उपाशी कोणास म्हणावे’ या रूपाने उभा राहिला. त्यावर झालेल्या वादाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वादाची पार्श्वभूमी

पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–१९९७) यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले. तेथे त्यांना नेमन यांचे मार्गदर्शन लाभले. भारतात परतल्यावर पिकांच्या नमुना-पाहणीत त्यांनी मौलिक काम केले. कापणीसाठी निवडलेला तुकडा फार लहान असला, तर सीमेवरील रोपे आत धरली जाण्याकडे कल होतो व उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९५१ पासून ते रोम येथील अन्न व कृषी संघटनेत होते. जगातील दोनतृतीयांश लोक उपाशी वा कुपोषित आहेत, हे त्या काळी प्रचलित असलेले विधान त्यांनी १९६१ च्या निबंधात तपासून पाहिले आणि भुकेचे मापन वितरणाच्या आधारे करण्याची दिशा दाखविली.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दरडोई दररोज २२५० कॅलरी आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतो, ती पातळी त्यांनी दारिद्र्याची रेषा मानली. या कसोटीनुसार १९६०–६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येचा सुमारे ४० टक्के व नागरी लोकसंख्येचा सुमारे ५० टक्के भाग रेषेखाली होता.

सुखात्मे यांची भूमिका

सुखात्मे यांचा आक्षेप मूलभूत होता. आहाराची गरज म्हणून सांगितला जाणारा आकडा ही निरोगी माणसांच्या गरजांची सरासरी असते. सरासरीच्या खाली निम्मी निरोगी माणसेही असणारच. शिवाय एकाच व्यक्तीचे ऊर्जासेवन काळानुसार कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत ते सावरून घेते. म्हणून सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून येणारी किमान मर्यादा हीच खरी कसोटी होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. सोयीसाठी सरासरी २२५० व प्रमाण विचलन ३०० मानले, तर ही मर्यादा १६५० येते. साहजिकच उपाशी ठरणाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. नेमन यांचे अंतराल अज्ञात सरासरीच्या अंदाजाभोवतीचे आहे आणि नमुना वाढविला की ते अरुंद होते. सुखात्मे यांचा पल्ला मात्र गरजेतील नैसर्गिक चढउताराचा आहे. नमुना कितीही वाढविला तरी तो नाहीसा होत नाही.

आक्षेप

दांडेकर प्रभृतींच्या प्रत्युत्तराचा गाभा असा की, दारिद्र्यरेषा एकेका व्यक्तीला नव्हे, तर समान खर्च करणाऱ्या गटाला लावली जाते. हजारो माणसांच्या गटात व्यक्तीव्यक्तींमधील चढउतार परस्परांना छेद देतात. गटाचे सरासरी सेवन सरासरी गरजेपेक्षा कमी असेल, तर त्या गटात कोणाच्या तरी ताटात कमी पडते आहे, हे निश्चित. किमान मर्यादेच्या कसोटीतही एक उणीव राहते. २६०० कॅलरींची गरज असणारा कष्टकरी १८०० कॅलरींवर भागवीत असेल, तरी तो पोटभर जेवणाऱ्यांत मोजला जातो. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे मान्य केले, तरी त्याची किंमत कमी हालचाल व मुलांची खुंटलेली वाढ या रूपाने चुकवावी लागते, याकडे आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी लक्ष वेधले.

वादाचे मर्म

दोन्ही पक्षांचे गणित आपापल्या गृहीतांवर बरोबर होते. मतभेद होता तो कोणती चूक पत्करावी याविषयी. सरासरी ही रेषा मानल्यास काही सुदृढ माणसे उपाशी गणली जातात. किमान मर्यादा मानल्यास अनेक उपाशी माणसे गणनेतून सुटतात. पहिल्या चुकीची किंमत धान्यात व पैशांत मोजता येते, दुसरीची एखाद्या बालकाच्या आयुष्यात. चुकीच्या संभाव्यतेला तिच्या किमतीने गुणल्याखेरीज अपेक्षित हानी ठरत नाही आणि ही किंमत संख्याशास्त्र स्वतः पुरवीत नाही. सुखात्मे भूक नाकारीत नव्हते, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल. अपुरी साधने प्रथम अत्यंत गरजूंपर्यंत जावीत आणि स्वच्छ पाणी व आरोग्य यांकडेही लक्ष दिले जावे, असा त्यांचा आग्रह होता.

समारोप

अन्न व कृषी संघटनेच्या अल्पपोषणाच्या मापनात आजही वितरण आणि किमान ऊर्जागरज यांचाच आधार घेतला जातो. त्यामागे सुखात्मे यांची मांडणी आहे. भारतात सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेची कॅलरीशी असलेली थेट सांगड सोडून दिली. मात्र रेषा कोठेही आखली, तरी तिच्या अलीकडे व पलीकडे चुकीने गणल्या जाणाऱ्यांचा हिशेब शिल्लक राहतोच. तो हिशेब रेषेबरोबरच प्रसिद्ध व्हावा, हा या वादातून निघणारा बोध आहे.