सावलीचे अन्नमान आणि भोजनगृहातील उष्मांकाची पाटी

भोजनगृहाने आपल्या पदार्थपत्रिकेत प्रत्येक पदार्थासमोर त्याचे उष्मांक छापावेत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता महानगरातील आरोग्यचिंतेचा वाटतो. भारतात त्यास कायद्याचे रूप आले ते २०२० च्या अन्नसुरक्षा व मानके (लेबल व प्रदर्शन) विनियमांनी. अंमल १ जुलै २०२२ पासून सुरू झाला. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे अथवा ज्यांच्या शाखा दहा वा अधिक ठिकाणी आहेत, त्यांनाच हे बंधन लागू आहे. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यावरील सावलीच्या खाणावळींना ते अर्थातच लागू होत नाही. तरीही या प्रश्नाचा पूर्वेतिहास शोधू जाता त्यातील एक महत्त्वाचा दुवा याच सावलीपाशी येऊन मिळतो. अभ्यासकांचे तिकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

माणसाला जगण्यास किती अन्न पुरे, हा हिशेब आपल्याकडे प्रथम मांडला गेला तो खाणाऱ्यासाठी नव्हे, देणाऱ्यासाठी. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराचे धान्य रोजी एक पौंडावर आणले व वर अल्पशी रोकड ठेवली. हेच टेंपल १८६० नंतरच्या दशकात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. म्हणजे चांदा जिल्हा त्यांच्याच अमलाखालचा. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या शिध्यावर वैद्यकीय आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात सहस्रावधी मजूर कामे सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उष्मांक हे परिमाण त्या वादात नव्हते. अन्नाच्या संदर्भात त्याचा प्रसार अमेरिकेतील ॲटवॉटर यांच्या कार्यामुळे पुढे झाला. परंतु वादाचे स्वरूप तेव्हाच ठरून गेले होते. आकडा सरकारच्या हाती, पोट मजुराचे.

या क्रमात पहिला उलटा प्रयत्न १९३५ साली दिसतो. त्या वर्षी अखिल भारत चरखा संघाच्या कार्यकारिणीने एक ठराव केला. कातणाऱ्यास आठ तासांच्या कुशल कामाबद्दल निदान इतकी मजुरी मिळावी की, तीत वर्षाला वीस वार कापड आणि शास्त्रीय रीतीने ठरविलेल्या किमान आहारमानानुसार अन्न यांची तरतूद व्हावी, असा त्याचा आशय होता. सावली हे चांदा जिल्ह्यातील खादीचे जुने केंद्र. गांधी सेवा संघाचे अधिवेशन फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च १९३६ च्या प्रारंभापर्यंत भरले ते सावलीसच. संघाचे अध्यक्ष किशोरलाल मश्रूवाला होते आणि गांधीजी स्वतः उपस्थित होते. ‘गांधीवाद’ असे काही नाही, हे त्यांचे प्रसिद्ध विधान याच अधिवेशनातील असल्याने सावलीचे नाव राजकीय चरित्रांत येते. मजुरीचा विषय मात्र बाजूस पडतो.

वास्तविक तो विषय अधिक मूलगामी होता. मजुरी वाढविली तर खादी महागेल, महागली तर विकली जाणार नाही, आणि विकली नाही तर कातणारी स्त्री आहे त्या मिळकतीसही मुकेल, ही शंका खादीकार्यकर्त्यांचीच होती व ती पोकळ नव्हती. ठरावाने या शंकेचे उत्तर बाजारभावात शोधले नाही; ते आहारमानात शोधले. वस्तूची किंमत प्रथम ठरावी आणि उरेल ते करणारीच्या पोटात जावे, हा क्रम उलटा करण्यात आला. त्याच सुमारास विनोबांनी नालवाडीस कताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग आरंभिला, आणि १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार चालविला. धानाच्या मुलखात, जेथे भाताखेरीज दुसरे मुख्य अन्न नाही, तेथे या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगण्याचे कारण नाही.

सावलीच्या ठरावातील—वस्तुतः वर्ध्याच्या, पण त्याची कसोटी सावलीसारख्या केंद्रांत लागावयाची होती—हे सूत्र बावीस वर्षांनी राष्ट्रीय पातळीवर पुन्हा दिसते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनासाठी डॉ. ॲक्रॉइड यांचे, मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढाचे, २,७०० उष्मांकांचे मान स्वीकारले आणि त्यासोबत माणशी अठरा वार कापड धरले. अन्नाचे शास्त्रीय मान व वारांत मोजलेले कापड ही जोडी योगायोगाने पुन्हा जुळली असे मानणे कठीण आहे. तथापि थेट उसनवारी सिद्ध करणारा पुरावा हाती येईपर्यंत हे साम्य साम्य म्हणूनच नोंदविणे उचित. ॲक्रॉइड हे कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेचे संचालक. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची त्यांची पुस्तिका १९३७ ची, म्हणजे ठरावानंतरची आहे.

पुढे १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून दारिद्र्याची रेषा २,२५० उष्मांकांवर आखली. तिला पां. वा. सुखात्मे यांनी दिलेले आव्हान मराठी विद्वत्तेच्या इतिहासात संस्मरणीय आहे. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमीअधिक होते. म्हणून सरासरीला उंबरठा समजून तिच्याखालील प्रत्येकास उपाशी ठरविणे संख्याशास्त्रास धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून गरिबांची संख्या कमी दाखविली जाईल हा दांडेकरांचा रोष समजण्याजोगा होता. पण सरासरीविषयीचा मूळ आक्षेप त्याने खोडला जात नाही.

आजच्या पदार्थपत्रिकेवर तोच आक्षेप वेगळ्या दिशेने लागू पडतो. विनियमानुसार पदार्थाच्या उष्मांकांसोबत, क्रियाशील प्रौढास रोज सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात व गरज व्यक्तिपरत्वे बदलते, अशा अर्थाची सूचना द्यावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज २,११०, तर जड कष्ट करणाऱ्याची ३,४७० आहे. स्त्रियांच्या बाबतीत हेच आकडे १,६६० व २,७२० आहेत. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या सावलीच्या स्त्रीला २,००० चा आकडा वाचून काय बोध व्हावा? तिच्या दृष्टीने मोठा आकडा हा धोक्याचा इशारा नसून शिफारस आहे.

नगरवासीयांपुरते पाहिले तरी फळ बेताचेच आहे. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये साखळी भोजनगृहांवर ही सक्ती बसविली. अमेरिकेत ती २०१८ मध्ये देशभर झाली, इंग्लंडात २०२२ मध्ये मोठ्या व्यावसायिकांवर. कॉक्रेनच्या २०१८ च्या समीक्षेत सहाशे किलोकॅलरींच्या जेवणात सुमारे ४७ ची घट दिसली होती, आणि त्या पुराव्याची प्रत कमी असल्याचेही तेथे म्हटले होते. अधिक अभ्यास जमेस धरणाऱ्या २०२५ च्या आवृत्तीत ती घट सुमारे ११ वर आली. एवढ्यावरून सक्ती निरर्थक ठरत नाही. वेष्टनबंद पदार्थ सोडल्यास अन्नाचा आकडा प्रथमच देणाऱ्याऐवजी खाणाऱ्यासमोर ठेवला गेला, हे तिचे ऐतिहासिक वैशिष्ट्य आहे, आणि मोठ्या साखळ्यांपुरती ती राहावी हेच योग्य. ज्यांची पाककृती ठरीव, ज्यांचे माप यंत्राचे, त्यांनाच असा आकडा खरेपणाने देता येतो. एका चुलीवर, वाढणाऱ्याच्या हातावर भात ठरणाऱ्या खाणावळीकडून तो मागणे म्हणजे खोटा आकडा मागणे होय.

सावलीसारख्या गावी अधिक साध्या गोष्टीची वाण आहे. त्याच विनियमात उष्मांकांसोबत वाढीचे माप लिहिण्याची अट आहे; चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. पायली-कुडवाने मोजून धान देण्याघेण्याचा ज्या मुलखाचा रिवाज, तेथील मजुराला वजनाचे गणित शिकवावे लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा तिचे माप असे ठरविले होते: प्रत्येकी तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. हे चार आकडे केंद्राच्या भिंतीवर खडूने लिहावयास प्रयोगशाळा लागत नाही, आणि ते वाचणाऱ्याला आपल्या ताटात काय कमी पडले तेही लगेच मोजून पाहता येते.