मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची अखेर (इ. स. 967–982)

मान्यखेटचे राष्ट्रकूट सम्राट आपणांस ‘लत्तलूर’पुराचे अधिपती म्हणवीत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक संशोधक मानतात. कंधार हे तर त्यांचे आवडते नगर होते. तेथील संस्कृत शिलालेखात कृष्णराजाच्या काळच्या देवालयांची व दानधर्माची नोंद आढळते. अशा या घराण्याचे साम्राज्य तिसऱ्या कृष्णाच्या मृत्यूनंतर (967) अवघ्या सहा वर्षांत लयास गेले. याचा दोष सामान्यतः त्याचा भाऊ खोट्टिग याच्या माथी मारला जातो. तो न्याय्य नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

949 साली कृष्णाने तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य त्या रणात पडला. त्यानंतर दहा वर्षांनीही कृष्णाचा तळ दूर दक्षिणेस मेळपाडी येथेच होता. कऱ्हाड ताम्रपट (शके 880) तेथूनच दिला असून, जिंकलेले प्रांत सेवकांस वाटून देण्यात राजा गुंतला होता, असे त्यावरून कळते. इकडे उत्तर सीमेवर माळव्याचा परमार सीयक बळ धरीत होता. 949 च्याच हरसोल ताम्रपटांत राष्ट्रकूटांचा आदराने उल्लेख करणारा हा सीयक पुढे 972 मध्ये खुद्द मान्यखेटावर चालून आला व त्याने ते नगर लुटले. धनपालाने ‘पाइयलच्छीनाममाला’ हा प्राकृत कोश आपल्या बहिणीसाठी रचला, तो त्याच वर्षी. ग्रंथाचा काळ सांगताना त्याने या लुटीचा दाखला दिला आहे. एका घराण्याच्या सर्वनाशाची साक्ष शब्दकोशाने द्यावी, हे नवलच.

खोट्टिगानंतर पुतण्या कर्क गादीवर आला. त्याचा खर्डा ताम्रपट शके 894 चा, म्हणजे लुटीच्याच वर्षीचा आहे. तरीही प्रशस्तिकार त्यास गुर्जर, चोळ, हूण व पांड्य यांचा विजेता म्हणतो! राजधानी भस्मसात झाली तरी बिरुदे शाबूत होती.

खरा घाव मात्र माळव्याचा नव्हे. चालुक्यवंशीय तैलप हा 965 मध्ये कृष्णाचा महासामंत म्हणून तर्दवाडी प्रांतावर (विजापूर परिसर) राज्य करीत होता. 973 मध्ये त्यानेच कर्काचा पाडाव केला. कृष्णाच्या औदार्यामुळे सामंत माजले, असे सरसकट म्हणणेही योग्य नव्हे. बनवासीचा प्रांत मिळालेले गंग शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिले. पण ते दूर होते, आणि तैलप राजधानीच्या जवळ होता.

गंग मारसिंहाने आपला भाचा, म्हणजे कृष्णाचा नातू इंद्र, यास राज्याभिषेक केला. तो प्रयत्न फसला. मारसिंहाने 975 च्या सुमारास बंकापुर येथे सल्लेखनेने देह ठेवला. इंद्रानेही 982 मध्ये श्रवणबेळगोळ येथे तोच मार्ग स्वीकारला. तेथील लेखात त्याच्या राज्यापेक्षा घोड्यावर बसून काठीने चेंडू खेळण्याच्या कौशल्याचेच वर्णन अधिक आहे.