तीन मैलांची सायकल

आमच्या सोप्यातल्या तुळईला एक सायकल टांगलेली आहे. चाकं वर, हँडल खाली. पाहुणा चहाची बशी हातात घेतो, वर बघतो आणि म्हणतो, "भंगारात का घालत न्हाई?" मी म्हणतो, "ती घरातली थोरली हाय. थोरल्या माणसाला कोण भंगारात घालतं व्हय?" पाहुणा हसतो, विषय संपतो. पण त्या सायकलीचा खरा हिशेब मी कुणाला सांगितलेला नाही. तो आता लिहून ठेवतो.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं. ह्या भागात सायकल आली ती किर्लोस्करवाडीच्या वाटेनं. ह्यात एक गंमत आहे. नांगरवाले म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी सायकलवाले होते. 1888 साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळं पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि 1910 साली तिथं कारखाना उभा राहिला.

माझा आजा त्या कारखान्यात ओतकामाला होता. गावापासून चार मैल. पहाटे भाकरी बांधून चालत निघायचं आणि भोंगा व्हायच्या आत फाटकात पोचायचं. दुसरं महायुद्ध लागायच्या आधी कधीतरी त्यानं एका कारकुनाची वापरलेली हर्क्युलस घेतली. विलायतेत बर्मिंगहॅमला तयार झालेली. किती रुपयांना, ते घरात दोन तऱ्हेनं सांगत. आजी म्हणायची, "गाभण म्हशीच्या किमतीत." आजा म्हणायचा, "रेडकाच्या."

गावात ती पहिली सायकल नव्हे. पहिली पाटलांच्या वाड्यात होती, पण ती वापरात कमी आणि बघण्यात जास्त. कामाला जुंपलेली पहिली सायकल आमची. सुट्टीच्या दिवशी आजा ती अंगणात उलटी करायचा, चेन काढून रॉकेलमध्ये धुवायचा, एकेक तार धोतराच्या सोग्यानं पुसायचा. आजी म्हणायची, "एवढं मला कधी पुसलं न्हाई." खंडेनवमीला विळा, खुरपं, नांगराचा फाळ यांच्या शेजारी सायकल उभी राहायची आणि झेंडूची सगळ्यात मोठी माळ तिला पडायची.

1943 च्या सुमाराला आमच्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं ठाणं. आजा हँडलच्या मुठीत चिठ्ठ्या घालून न्यायचा, असं आजी सांगायची. आजाला विचारलं तर म्हणायचा, "मुठीत माझाच हात मावत नव्हता, चिठ्ठी कुठली?" त्यानं पुढं कधी पेन्शनीचा अर्ज केला नाही. त्यामुळं ते खरं की आजीची हौस, हे तिथंच राहिलं.

स्वातंत्र्यानंतर सायकली इथंच व्हायला लागल्या. मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, 1951 साली सोनीपतला ॲटलास, 1956 साली लुधियान्याला हिरो. आमच्या हर्क्युलसला देशी सुटे भाग मिळायला लागले. वडिलांच्या हातात ती आली तोवर तिचं एक चाक विलायती आणि एक देशी झालं होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे दूध घालायला जायचे. तालुक्याच्या गावात सायकल न्यायची तर नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा, डबलसीट दिसलं तरी अडवायचा. पण माझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा अण्णांनी तिला कॅरिअरवर बसवून, सायकल हातानं ढकलत दवाखाना गाठला. म्हणजे ह्या सायकलीवरून मी जन्मायच्या आधीच फिरून आलो होतो.

मग 1972 आला. त्या दुष्काळाचं नाव काढलं की आमच्या पिढीला मिलो आठवतो. अमेरिकेची तांबडी ज्वारी. रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची. आजा त्या आधीच वारला होता. म्हशी दावणीला वाळत चालल्या. एक विकली. दुसरी विकवेना, तेव्हा अण्णांनी सायकल गावातल्या एका सावकाराकडं गहाण टाकली आणि कडब्याच्या पेंढ्या आणल्या. सायकल ओढ्यापलीकडं जाईपर्यंत आई दारात उभी होती. अण्णांनी मागं बघितलं नाही. त्या दिवसापासून अण्णा कामावर चालत जायला लागले.

त्याच वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, सातवी पास झाली. शाळेत पहिली आली होती. गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल तीन मैलांवर. अक्का म्हणाली, "चालत जाते." अण्णा म्हणाले, "एकटीदुकटी पोरगी तीन मैल कुठं चालतीस? सायकल सुटू दे, मग बघू." अक्कानं ते 'मग बघू' खरं धरलं. पुस्तकं फडक्यात बांधून ठेवली आणि आईबरोबर खडी फोडायला गेली.

1974 च्या सुगीनंतर सायकल सुटली. घंटी मात्र आली नाही. सावकाराच्या पोरानं कुठं घातली कुणास ठाऊक. अण्णांनी बाजारातून दुसरी आणून बसवली. तोवर मी आठवी चालत उरकून नववीत गेलो होतो. अण्णांनी सायकल माझ्या हातात दिली.

मला सायकल शिकवली ती अक्कानंच. माझे पाय पुरत नव्हते. दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायचं आणि ती कॅरिअर धरून मागं पळायची. तिसऱ्या दिवशी मी वळून बघितलं तर ती पार लांब, ओढ्याच्या कडंला उभी. कॅरिअर कधी सोडलं मला कळलंच नाही.

शाळा सुरू झाली त्या सकाळी अक्कानं फडकं सोडलं. अण्णांना म्हणाली, "मी कॅरिअरवर बसते. दोघं जाऊ." अण्णा दाढी करत होते. म्हणाले, "पंधरा वर्सांची घोडी कॅरिअरवर बसून पेठेतनं जाणार? लोकं काय म्हणतील?" आई गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. माझं वय लहान होतं, हे खरं. पण सायकल एकट्याला मिळते म्हणून मला आनंद झाला होता, हेही खरं. अक्कानं तीच पुस्तकं माझ्या दप्तरात घातली. नववीची नव्हती ती, आठवीची होती. माझ्या काही कामाची नव्हती. आता वाटतं, तिला फक्त ती नजरेआड करायची होती.

मी 1976 साली दहावी झालो आणि शेतीला लागलो. अक्काचं त्याच वर्षी लग्न झालं. आमच्या घरात सगळ्यांचा सायकलीवर जीव, असं आम्ही चार लोकांत अभिमानानं सांगायचो. जीव सगळ्यांचा होता. सायकल मात्र एकदाही पोरींच्या वाटणीला आली नव्हती.

1998 साली माझी मुलगी सातवी पास झाली. हायस्कूल तिथंच, तीन मैलांवर. एसटीची वेळ शाळेच्या वेळेला जमत नव्हती. मी माझ्या बापासारखाच म्हणालो, "बघू." ते अक्काच्या कानावर कसं गेलं माहीत नाही. आठ दिवसांत ती आली. टेकली नाही, पाणी घेतलं नाही. कनवटीची गाठ सोडली आणि नोटा माझ्या पुढ्यात ठेवल्या. "दोन शेळ्या इकल्यात. पोरीला लेडीज सायकल आण. आजच्या आज." मी म्हणालो, "अक्का, पैशाचं न्हाई गं." ती म्हणाली, "ठावं हाय मला, कशाचं हाय ते. तवाबी पैशाचं नव्हतं."

आम्ही दोघं त्याच दिवशी तालुक्याला गेलो आणि सायकल आणली. मुलगी हँडलला पिशवी अडकवून शाळेला निघाली तेव्हा पारावरच्या दोघांनी खोकून घेतलं. चार महिन्यांत गावात लेडीज सायकली आठ झाल्या. पुढं सरकारही मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली द्यायला लागलं. सरकारला हे कुणी सुचवलं मला माहीत नाही. मला अक्कानं सुचवलं. मुलगी पुढं नर्स झाली.

आता घरात दोन मोटारसायकली आहेत. नातू गिअरची सायकल चालवतो, हौस म्हणून. 2020 च्या टाळेबंदीत, 3 जूनला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी ॲटलासनं आपला चालू राहिलेला कारखाना बंद केला. ते वाचून मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

गेल्या दिवाळीत नातवानं हट्ट करून तुळईवरची सायकल खाली उतरवली. टायर-ट्यूब नवीन घातली, चेनला तेल दिलं. भाऊबीजेला अक्का आली होती. ती सायकलीजवळ गेली आणि घंटी वाजवली. म्हणाली, "ही ती न्हवं. जुनी दोनदा वाजायची, टिर्रर्र आन मग बारीक टिंग."

मी म्हणालो, "तुला कसं आठवतं? तू कुठं चालवलीस?"

"दुष्काळाच्या आधी," ती म्हणाली, "दुपारी अण्णा झोपले की ओढ्यापतूर न्यायची. बुधल्यातलं तेल सांडलं म्हणून मार खाल्ला व्हता बघ. ते तेल चेनला घातलं व्हतं."

म्हणजे गहाण पडली तेव्हा तिला सायकल येत होती. तीन मैल ती एकटी जाऊ शकली असती. आणि मी बावन्न वर्षं असं समजत होतो, की तिला येत नव्हती म्हणून मला मिळाली.

सायकल परत तुळईला टांगलेली नाही. सोप्यात उभी आहे. नातू तशी घंटी शोधतोय, दोनदा वाजणारी.