गाणे कोणाचे?

वकिलीच्या धंद्याने माणसाच्या नजरेला एक खोड जडते. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेले तरी भिंतीवरच्या तसबिरी पाहण्याआधी, या घराच्या उताऱ्यावर नाव कोणाचे असेल, हा प्रश्न मनात डोकावतो. निदान संगीताच्या बाबतीत तरी ही खोड आड येऊ नये, अशी प्रस्तुत लेखकाची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही. आणि आता मागे वळून पाहता, ती पुरी झाली नाही हे बरेच झाले असे वाटते.

कॉलेजात असताना, गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस, पणजीच्या एका मित्राने मला एक कॅसेट दिली. तिच्या एका बाजूवर ‘जॉय डिव्हिजन’ आणि दुसऱ्या बाजूवर ‘द स्मिथ्स’ अशी नावे शाईने लिहिलेली होती. अशी नक्कल करणे हा स्वामित्वहक्काचा भंग असतो, हे कळण्याइतका कायदा मी तोवर शिकलो नव्हतो. नाट्यपदे आणि अभंग यांवर पोसलेल्या माझ्या कानाला त्या विजेच्या गिटारी आणि तो घुमणारा ढोल प्रथम परकाच वाटला. परंतु चार-सहा वेळा ऐकल्यावर त्या आवाजातील एकाकीपणा ओळखीचा वाटू लागला. दोन्ही वाद्यवृंद इंग्लंडातील मँचेस्टर या एकाच शहरातले आणि दोघांनाही ‘इंडी’ म्हणतात, एवढेच मित्राने सांगितले होते. हे ‘इंडी’ म्हणजे काय, याचा शोध घेता घेता मी गाण्याकडून कागदाकडे कसा गेलो, त्याची ही हकिगत आहे.

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे लाडके रूप. आज ते एका गानशैलीचे नाव समजले जाते. पण मुळात त्याचा सूर-तालाशी काहीएक संबंध नव्हता. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिकांचा व्यापार मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. ध्वनिमुद्रण, तबकड्यांचे उत्पादन आणि त्या गावोगावच्या दुकानांत पोचविण्याची व्यवस्था, या तिन्हींच्या किल्ल्या त्यांच्याच कनवटीला होत्या. नव्या गायकाला कंपनी आगाऊ रक्कम देई. ती रक्कम आणि बहुधा ध्वनिमुद्रणाचा खर्चही त्याच्या मानधनातून वळता करून घेई. आणि सारे फिटल्यानंतरही मूळ ध्वनिमुद्रण कंपनीच्याच मालकीचे राही. सावकाराने कर्ज द्यावे, कुळाने ते फेडावे आणि फेडून झाल्यावरही जमीन सावकाराच्याच नावे राहावी, असा हा व्यवहार. आपल्या वाचकांना तो अधिक समजावून सांगावयास नको.

या व्यवस्थेला पहिला लक्षणीय तडा गेला तो मँचेस्टरमध्ये. ४ जून १९७६ रोजी तेथील ‘लेसर फ्री ट्रेड हॉल’ या सभागृहात लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. तो ठरविला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन तरुणांनी. श्रोते जेमतेम चाळीस असावेत. मात्र त्या चाळिसांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोघे मित्र होते. वादन बेताचेच असताना एवढा परिणाम साधतो, तर आपणही का वाजवू नये, हा विचार घेऊन ते घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी हुकने एक बेस गिटार विकत घेतली. यातूनच पुढे ‘जॉय डिव्हिजन’ जन्मास आला.

डिव्होटो व शेली यांनी मात्र याहून धाडसाची गोष्ट केली. त्यांच्या ‘बझकॉक्स’ या वाद्यवृंदाने आप्तेष्टांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ या एकाच दिवशी चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. कंपनीचे नाव ‘न्यू हॉर्मोन्स’. पण ती नावापुरतीच. पहिल्या हजार प्रती झपाट्याने संपल्या आणि विक्री पुढे कित्येक हजारांवर गेली. वेष्टनावर प्रत्येक गाण्याचे कितवे मुद्रण वापरले आहे, हेही छापलेले होते. जणू ते सांगत होते: यात गुपित काही नाही, हे तुम्हालाही जमेल.

हा निरोप ज्यांनी घेतला त्यांत ‘स्क्रिटी पोलिटी’ या लंडनच्या वाद्यवृंदाचे उदाहरण मला विशेष प्रिय आहे. १९७८ मध्ये काढलेल्या आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर त्यांनी ध्वनिमुद्रणाला किती पडले, तबकड्या दाबून घ्यावयास किती पडले, याचा चक्क जमाखर्च छापला. अशा तबकड्या दुकानांपर्यंत नेण्याचा मार्ग काढला तो जेफ ट्रॅव्हिस याने. १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये त्याने ‘रफ ट्रेड’ नावाचे दुकान उघडले होते. १९७८ मध्ये त्याच नावाने तबकड्या काढावयास प्रारंभ केला आणि यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल अशा शहरांतील दुकानदारांना जोडून वितरणाची एक स्वतंत्र साखळी उभी केली. खर्च वजा जाता उरणारा नफा कलावंत व कंपनी यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावा, असा तेथील रिवाज. बी.बी.सी. नभोवाणीवर जॉन पील हा निवेदक १९६७ पासून २००४ मध्ये त्याला मृत्यू येईपर्यंत रात्रीच्या वेळी अशी अनोळखी गाणी ऐकवीत असे. बेलफास्टच्या एका लहान कंपनीने काढलेले ‘द अंडरटोन्स’ या वाद्यवृंदाचे एक गाणे त्याने १९७८ मध्ये लागोपाठ दोनदा वाजविले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. जानेवारी १९८० पासून स्वतंत्र तबकड्यांची निराळी क्रमवारी छापली जाऊ लागली. तीत येण्याची अट एकच होती: तबकडीचे वितरण मोठ्या कंपन्यांमार्फत झालेले नसावे. ‘इंडी’ची कायदेशीर म्हणता येईल अशी व्याख्या हीच.

आता माझ्या कॅसेटच्या पहिल्या बाजूकडे वळतो. मँचेस्टरमधील ‘ग्रॅनडा’ दूरचित्रवाणीवरील निवेदक टोनी विल्सन आणि त्याचा मित्र ॲलन इरॅस्मस यांनी १९७८ मध्ये ‘फॅक्टरी’ या नावाखाली गायनाचे कार्यक्रम सुरू केले. त्यातूनच ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ निघाली. ‘जॉय डिव्हिजन’चा पहिला संग्रह ‘अननोन प्लेझर्स’ त्यांनी जून १९७९ मध्ये काढला. विल्सनला आईकडून वारसाने आलेला पैसा त्यात पडला. त्याच्या काळ्या वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर शब्द नव्हते. होत्या त्या केवळ आकाशातील एका स्पंदक ताऱ्याकडून आलेल्या संदेशलहरींच्या पांढऱ्या रेघा. गायक इयान कर्टिस याने १८ मे १९८० रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, आत्महत्या केली. मागे राहिलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ हे नवे नाव घेतले आणि लवकरच त्यांच्यात चौथी साथीदार येऊन मिळाली.

फॅक्टरीचा कारभार विक्षिप्त होता. प्रत्येक वस्तूला दप्तरी क्रमांक देण्याची त्यांची पद्धत अशी की, तबकड्यांबरोबर जाहिरातीची भित्तिपत्रके, रात्रमंडळ, इतकेच काय, त्या मंडळात राहणारे मांजर, यांनाही क्रमांक मिळाले. निर्माता मार्टिन हॅनेट याने १९८२ मध्ये कंपनीवर दावा लावला, तेव्हा त्या दाव्यालाही ६१ हा क्रमांक देण्यात आला! प्रतिवादीने वादीच्या दाव्याची आपल्या मालाच्या यादीत नोंद केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. २००७ मध्ये विल्सन वारला, तेव्हा त्याच्या शवपेटिकेचा क्रमांक होता ५०१.

याच कंपनीचा ‘जॉय डिव्हिजन’शी झालेला करार काही ओळींचा होता. तो विल्सनने आपल्या रक्ताने लिहिला, अशी आख्यायिका आहे. मला रस आहे तो शाईत नव्हे, मजकुरात. त्याचा आशय असा: सर्व काही कलावंतांच्या मालकीचे, कंपनीच्या मालकीचे काहीही नाही, आणि वाटेल तेव्हा निघून जाण्यास कलावंत मोकळे. कोणत्याही वकिलाने पक्षकाराला यावर सही करू दिली नसती. पुढे १९८२ मध्ये ‘हासिएंडा’ हे भव्य रात्रमंडळ उघडले. त्यात कंपनीचा आणि ‘न्यू ऑर्डर’चा पैसा वर्षानुवर्षे जिरत राहिला. नवी इमारत, लांबलेली आणि महागडी ध्वनिमुद्रणे यांनी कर्ज फुगत गेले. अखेर ‘लंडन रेकॉर्ड्स’ या मोठ्या कंपनीने फॅक्टरी विकत घेण्याची बोलणी लावली. खरेदीदाराचा डोळा अर्थातच ‘न्यू ऑर्डर’च्या जुन्या गाण्यांवर होता. कागदपत्रे तपासताना तो चिमुकला करार पुढे आला आणि ध्यानात आले की, विकणाऱ्यापाशी विकण्याजोगे फारसे काही नाहीच! व्यवहार फिसकटला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅक्टरीचे दिवाळे निघाले. कंपनी बुडाली, परंतु गाणी बुडाली नाहीत. ती ज्यांची होती त्यांच्याच हाती राहिली, आणि ‘न्यू ऑर्डर’ने लंडन रेकॉर्ड्सशी स्वतःच करार केला. व्यापारी म्हणून विल्सनचा तो कागद मूर्खपणाचा. पण विश्वस्त म्हणून त्याहून चोख कागद मला तरी दाखविता येणार नाही.

कॅसेटची दुसरी बाजू याच्या नेमकी उलट आहे. ‘द स्मिथ्स’ १९८२ मध्ये स्थापन झाला. मॉरिसी गाणारा आणि पदे रचणारा, जॉनी मार चाली बांधणारा व गिटार वाजविणारा, अँडी रुर्क बेस गिटारवर आणि माइक जॉइस ढोलावर. ‘रफ ट्रेड’शी १९८३ मध्ये करार झाला, त्यावर सह्या फक्त मॉरिसी व मार यांच्या होत्या. चौघांनी आपसांतील वाटणीविषयी काहीही लिहून ठेवले नाही. व्यवहारात पहिल्या दोघांना शेकडा चाळीस चाळीस आणि उरलेल्या दोघांना शेकडा दहा दहा मिळत गेले. १९८७ मध्ये वाद्यवृंद फुटला आणि हिशेबांना तोंड फुटले. रुर्कने पैशाच्या अडचणीपायी ठोक रक्कम घेऊन तडजोड केली. जॉइस मात्र न्यायालयात गेला.

डिसेंबर १९९६ मध्ये उच्च न्यायालयापुढे दावा चालला तेव्हा प्रतिभेचा प्रश्न निघालाच नाही. गाण्यांच्या रचनेचे उत्पन्न मॉरिसी व मार यांचेच, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो ध्वनिमुद्रण आणि जाहीर कार्यक्रम यांच्या नफ्याचा. १८९० च्या ब्रिटिश भागीदारी कायद्याचे २४ वे कलम सांगते की, उलट करार नसेल तर भागीदारांचे वाटे समान. आपल्या १९३२ च्या कायद्यातील १३ व्या कलमात हेच तत्त्व आले आहे. ते शिकविताना पुस्तकातील धान्याच्या अडत्यांऐवजी या चार गवयांचे उदाहरण दिले, तर विद्यार्थी निश्चित जागे राहतील. शेकडा दहाला जॉइसने समजून-उमजून संमती दिली होती, हे सिद्ध झाले नाही. न्यायालयाने त्याचा चौथा हिस्सा मान्य केला आणि १९९८ मध्ये मॉरिसीचे अपीलही फेटाळले गेले. निकाल कायद्याने योग्यच होता. पण ज्या चौघांनी पाच वर्षांत चार संग्रह काढून एका पिढीला वाणी दिली, त्यांचे मैत्र त्या निकालाच्या पानांत कायमचे मिटले. एका संध्याकाळी लिहिलेल्या अर्ध्या पानाने ते वाचले असते, असे मला आजही वाटते.

पुढे ‘इंडी’चा मूळ अर्थही टिकला नाही. ‘रफ ट्रेड’ची वितरणव्यवस्था १९९१ मध्ये कोसळली. ‘क्रिएशन’ या नामांकित स्वतंत्र कंपनीचा जवळजवळ अर्धा हिस्सा १९९२ मध्ये ‘सोनी’ने घेतला आणि दोनच वर्षांनी तिच्याच ‘ओएसिस’ या वाद्यवृंदाने अफाट यश मिळविले. गिटारीचा बाज तोच राहिला; मालकी बदलली. तेव्हापासून ‘इंडी’ हे शैलीचे नाव झाले. घर विकले गेले आणि पाटी तेवढी राहिली.

ही सारी साता समुद्रापलीकडची कथा, असे कोणी म्हणेल. पण याच मार्गाने एक गोमंतकीय गेलेला आहे. मुंबईच्या कंपन्यांकडून नकार मिळाल्यावर रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या आपल्या घरी, चार मार्गिकांच्या साध्या यंत्रावर, सारी वाद्ये स्वतः वाजवून ‘गोअन क्रेझी’ हा संग्रह मुद्रित केला आणि त्याच्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन पोचविल्या. मँचेस्टर आणि शिवोली यांत हजारो मैलांचे अंतर. तरी त्या स्कूटरचा रस्ता आणि ‘स्पायरल स्क्रॅच’चा रस्ता मला एकच वाटतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील चार तरुण माझ्या कचेरीत आले. त्यांची गाणी एका कंपनीने घेतली होती आणि लोकांच्या तोंडी बसली होती. त्यांच्या हाती इंग्रजीतला एक कागद होता. त्यावर त्यांच्या सह्या होत्या आणि मजकूर त्यांनी वाचलेला नव्हता. ध्वनिमुद्रण आणि गाणी, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व साधनांसाठी, कायमची, ठोक रकमेत गेली होती. २०१२ मध्ये आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन कवी व संगीतकार यांच्या मानधनाच्या हक्काला काही संरक्षण मिळाले आहे. त्याच्या आधारे पत्रव्यवहार झाला आणि थोडेबहुत पदरात पडले. मूळ ध्वनिमुद्रण मात्र परत आले नाही. जाताना त्यांच्यातला ढोलकीवाला म्हणाला, “वकीलसाहेब, आम्हांला वाटलं, कागद म्हणजे त्यांचं काम आणि गाणं म्हणजे आमचं.”

त्याच्या त्या वाक्यात या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे. स्वातंत्र्य गिटारीत नसते, ढोलकीत नसते आणि बंडखोर पोशाखात तर नसतेच. ते कोणाच्या नावे लिहिले आहे, हे पाहावे लागते. त्या चौघांना मी त्या दिवशी चहा पाजला आणि पुढच्या गाण्याआधी आपसांत करावयाच्या कराराचा अर्ध्या पानाचा मसुदा मराठीत लिहून दिला. फी अर्थातच घेतली नाही. त्या जुन्या कॅसेटचे देणे माझ्याकडून बरेच दिवस राहिले होते.