गोठ्यातली पाठशाळा : बंगळूर ते कर्नाल

१९२७ च्या जूनमध्ये बंगळूरच्या सरकारी दुग्धसंस्थेत एक आगळा विद्यार्थी आला. वय ५७, शरीर नुकतेच आजारातून सावरत असलेले. अभ्यागतांच्या वहीत त्याने स्वतःची ओळख नोंदवली ती साबरमतीचा शेतकरी अशी. हे विद्यार्थी होते महात्मा गांधी. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह सुमारे पंधरा दिवस त्यांनी विल्यम स्मिथ या तज्ज्ञाकडून गुरांची निगा आणि दुग्धव्यवसाय यांचे धडे घेतले.

गोरक्षणाचे कार्य ते आधीपासूनच करीत होते. परंतु पोसणे न परवडणारी गाय अखेर विकलीच जाते; तिला वाचवायचे तर पैदास, खुराक आणि दूध यांचे शास्त्र शिकले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत वर्गाला गोठ्याची जोड होती. या विद्येचे स्वरूपच तसे आहे. गाय बुजली की पान्हा चोरते. भीतीने स्रवणारे ॲड्रेनॅलिन दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे कार्य रोखते, हे पुस्तकात वाचता येते. पण बुजलेल्या गाईजवळ कसे जावे, हे गाईजवळ गेल्यावरच कळते. कासदाहाची पहिली खूणही कासेवर हात ठेवल्यावर आणि पहिल्या धारेतल्या गाठी डोळ्यांनी पाहिल्यावरच मनात ठसते.

पुढे परदेशी शिक्षणासाठी निवडलेला एक तरुण अभियंता सरकारने आधी याच संस्थेत धाडला. दुग्धविद्येत त्याला मुळीच रस नव्हता. १९४९ मध्ये आणंदला पोहोचलेला हा तरुण म्हणजे वर्गीस कुरियन.

१९५५ मध्ये संस्थेचे मुख्यालय हरियाणातील कर्नाल येथे गेले आणि ती राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तेथेच २००९ मध्ये 'गरिमा' ही क्लोन केलेली म्हशीची पारडी जन्मली. त्यासाठी महागड्या यंत्राऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली हातातल्या बारीक पात्याने अंडपेशी कापून तिचे केंद्रक काढण्यात आले होते. विज्ञान पेशीपर्यंत पोहोचले, तरी भिस्त सरावलेल्या हातावरच राहिली.

आज पशुवैद्यक पदवीच्या साडेपाच वर्षांतील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते आणि महाविद्यालयाला शिक्षणासाठी स्वतःचे पशुधन प्रक्षेत्र ठेवावे लागते. वैरण, मजूर, औषधे यांमुळे हिशेबाच्या वहीत हा गोठा खर्चाच्या बाजूलाच दिसतो आणि काटकसरीची नजर प्रथम त्याच्यावरच जाते. त्या खर्चाचे मोल मात्र दूरच्या एखाद्या खेड्यात कळते. मध्यरात्री म्हैस अडलेली असते. दारात आलेल्या तरुण डॉक्टरचे हात कापतात की स्थिर राहतात, यावर त्या घराचे पुढचे वर्ष ठरते.