मंचावरचे पाय : शरीरसौष्ठवातील एका वादाचा इतिहास

१/ शरीरसौष्ठव स्पर्धेत मांडीवरील स्नायूंच्या रेषा परीक्षक आज बारकाईने पाहतात. ही नजर घडायला जवळपास एक शतक लागले. त्याची ही कथा.

२/ १४ सप्टेंबर १९०१. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडोने मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. त्याच्यासोबत परीक्षक होते शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल. सर्वांगाचा समतोल विकास आणि स्नायूंचा घट्टपणा याही कसोट्या होत्या. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे विजयी झाला.

३/ तत्त्व ठरले, पण व्यायामपटूंचा जीव छाती आणि दंडांतच गुंतलेला राहिला. अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पोटऱ्या सुरुवातीला दुबळ्या होत्या. उणीव सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून त्याने व्यायामाच्या पँटचे पाय कापून टाकले आणि पोटऱ्यांना अग्रक्रम दिला.

४/ वाद पेटला तो १९८१ साली, अमेरिकेतील कोलंबस येथील 'मिस्टर ऑलिंपिया' स्पर्धेत. विजेता ठरला फ्रँको कोलंबू. १९७७ मध्ये पाठीवर फ्रीज घेऊन धावण्याच्या शर्यतीत त्याच्या पायाला गंभीर दुखापत झाली होती. ज्याच्या मांड्यांना तोड नव्हती, तो टॉम प्लाट्झ तिसरा आला. हा निकाल आजही वादग्रस्त मानला जातो.

५/ प्लाट्झचे मुख्य शस्त्र होते खोल स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर भार घेऊन मारलेली बैठक. पुढे एका प्रदर्शनात त्याने ५२५ पौंड खांद्यावर घेऊन सलग २३ बैठका मारल्या.

६/ येथे एक जुना समज तपासायला हवा. स्पर्धा जवळ आली की वजन कमी करून आवर्तने वाढवावीत, म्हणजे पायांवर 'कटिंग' येते, असे मानले जाई. परंतु ज्या अवयवाचा व्यायाम करावा, तेथलीच चरबी वितळते असे घडत नाही. स्नायू भाराने घडतो. त्यावरचा चरबीचा पडदा हटवण्याचे मुख्य काम आहार करतो. मांडी आवळून धरण्याचा सराव मात्र उपयोगी पडतो, कारण मंचावर तेच करायचे असते.

७/ १९८६ मध्ये रिच गॅस्परी 'मिस्टर ऑलिंपिया'त उपविजेता ठरला. नितंबांवरील स्नायूंचे तंतूही दिसावेत इतकी कमी चरबी ही त्याची ओळख बनली. तेव्हापासून कंबरेखालच्या रेखीवपणाची अपेक्षा वाढतच गेली.

८/ माझ्या मते १९८१ च्या वादात खरा प्रश्न एका करंडकाचा नव्हता. शरीर 'पूर्ण' कधी मानायचे, हा होता. आपल्या तालमींनी त्याचे उत्तर एका जोडशब्दात जपले आहे : दंड-बैठका. दंडांना बैठकांची जोड हवीच. पुढच्या वेळी पायांचा दिवस चुकवताना एवढे आठवावे.